आजरेकरबाई केक करून दाखवणार होत्या

पुण्याची एसटी कराडच्या स्टँडात शिरली तशी मी पुढं झाले. उतरणाऱ्या प्रत्येक बाईकडे निरखून बघत होते. माझ्या मनातल्या आजरेकरबाई गोऱ्या, भरल्या अंगाच्या, हसऱ्या. हाताला कायम लोण्याचा आणि वेलदोड्याचा वास असणार. तसं कुणीच उतरलं नाही. गाडी रिकामी झाली. हॉल ठरला होता, गावभर बोर्ड लागले होते, आणि बाईच आल्या नाहीत तर मी मंडळाच्या कमलताईंना काय तोंड दाखवणार होते?

"महिला मंडळाकडून कुणी आलंय का हो?" मागून आवाज आला.

वळून बघितलं, तर जाड भिंगांचा चष्मा लावलेली एक किडकिडीत, थोडी वाकलेली बाई. खांद्याला शबनम पिशवी, हातात सुतळीनं बांधलेला पुठ्ठ्याचा खोका. मी तिथंच वाकून नमस्कार केला, तशा त्या दचकून मागं सरकल्या.

"अहो, राहू द्या, राहू द्या. आपण?"

"मी हेमलता निकम. तुम्हाला बोलवा म्हणून मंडळाच्या मागं मीच लागले होते."

"असं होय," त्या म्हणाल्या आणि हातातला खोका माझ्याकडे दिला. "तुमच्यासाठी. बिस्किटं आहेत, आमच्या कोपऱ्यावरच्या बेकरीतली."

जिच्या पुस्तकात बिस्किटांचे तऱ्हेतऱ्हेचे प्रकार आहेत, ती बाई बेकरीतली बिस्किटं घेऊन येते याचं मला तेव्हा नवल वाटलं नाही. प्रवासाच्या गडबडीत जमलं नसेल, एवढंच मनात आलं. या गोष्टीला आता तीस वर्षं होत आली, पण तो खोका अजून आठवतो. तेव्हा माझं सगळं लक्ष घरी झाकून ठेवलेल्या संत्र्याच्या केककडे लागलं होतं. सकाळी केलेला पहिला केक मनासारखा झाला नाही, म्हणून पुन्हा घातला होता. तो बाईंनी चाखायचा होता.

त्या पुस्तकाचं सांगायला हवं. लग्नानंतर मला दोनदा दिवस राहिले आणि दोन्ही वेळा पोट पडलं. दुसऱ्या वेळी डॉक्टरांनी पलंगावरून उठायचं नाही म्हणून बजावलं. मी ह्यांना म्हटलं, वाचायला काहीतरी आणा. ह्यांचा आणि वाचनाचा संबंध नाही. स्टँडवरच्या स्टॉलवर जे रंगीत मुखपृष्ठ दिसलं ते उचलून आणलं. ते आजरेकरबाईंचं केकचं, पुडिंगचं, गोडाचं पुस्तक. घरात ओव्हन नव्हता. अंगात ताकद नव्हती. मी ते पुस्तक कादंबरी वाचावी तसं पहिल्या पानापासून वाचलं. मग पुन्हा वाचलं. कितीतरी महिने मी पडल्या पडल्या मनातल्या मनात लोणी फेसत होते, मैदा चाळत होते.

आणि त्यात एका पानावर असं होतं: 'केक मधोमध बसला, तर घाबरू नका. तुमच्या हातून काही वाईट झालेलं नाही. पुष्कळदा कारण कळतही नाही. पुन्हा करून पाहा.'

त्या दिवसांत मला असं कुणी बोललं नव्हतं. सासूबाई म्हणायच्या, जिना चढलीस म्हणून. आई म्हणायची, पपई खाल्ली असशील. मी ते पान उघडं ठेवून खूप रडले होते. पुढं आम्हाला मूल झालं नाही ते नाहीच. पण मी उठले, पातेल्यात वाळू तापवून त्यावर पहिला केक केला. मग ओव्हन आला, आणि हळूहळू गावात कुणाचाही वाढदिवस असला की माणसं माझ्याकडे यायला लागली.

हे सगळं मी बाईंना सांगणार होते. रिक्षात बसल्यावर तोंडच उघडेना.

घरी आल्यावर बाईंनी हातपाय धुतले. मी केक समोर ठेवला आणि सुरी हातात घेतली.

"छान दिसतोय," त्या म्हणाल्या. "पण आत्ता नको. प्रवासानं पोट बरं नाही."

माझा चेहरा उतरला असणार. वरचा रंग जरा गडद झाला होता, ते त्यांनी ओळखलं, असं मला वाटलं. त्या स्वयंपाकघरात आल्या, सगळीकडे बघत उभ्या राहिल्या. ओट्यावरच्या माझ्या गोल ओव्हनशी थांबल्या. ॲल्युमिनियमचा, झाकणाला मधे काच असलेला, तेव्हा घरोघरी असायचा तसाच.

"हा किती तापतो?" त्यांनी विचारलं.

मला वाटलं, परीक्षा घेतायत. "तुमच्या पुस्तकात लिहिलंय तेवढाच ठेवते बाई. आधी रिकामा तापवून घेते."

"हो हो. बरोबर," त्या घाईघाईनं म्हणाल्या आणि बाहेर जाऊन बसल्या.

जेवणं होताहेत तोवर कमलताई आल्या. कमलताई पाटणकर मंडळाच्या अध्यक्षा. त्यांचा आवाज त्यांच्या आधी घरात येई.

"बाई, मोठा आनंद झाला. मी काय म्हणते, भाषण नको. भाषणं ऐकून बायका कंटाळल्यात. तुम्ही स्टेजवर केकच करून दाखवा. प्रात्यक्षिक. टेबल मांडलंय, ओव्हन आणून ठेवलाय, सामान सगळं हेमलता देईल. काय हेमलता?"

मी मान हलवली. मला तर आनंदच झाला होता. बाईंचे हात चालताना मला बघायला मिळणार होते. मी त्यांच्याकडे बघितलं, तर त्यांच्या हातातला घास तसाच ताटात परत गेला होता.

"मी भाषण तयार करून आणलंय," त्या म्हणाल्या.

"ते पुढच्या वेळी," कमलताई म्हणाल्या. "चार वाजता या. हॉल भरणार आहे बघा." आणि आल्या तशा गेल्या.

मी ताटं उचलली. बाई बेसिनशी बराच वेळ हात धूत राहिल्या. मग दाराशी येऊन म्हणाल्या, "पुण्याची गाडी आता किती वाजता मिळेल?"

"आता? बाई, कार्यक्रम—"

"माझी तब्येत बरी नाही. तुम्ही त्यांना सांगा."

मी म्हटलं, "माझं काही चुकलं का? केकचा रंग जरा चढलाय, मला माहीत आहे. मी दुसरा—"

"तुमचं काही चुकलेलं नाही."

"मग कमलताईंचं बोलणं लागलं असेल तर मी त्यांना—"

"हेमलताबाई," त्या म्हणाल्या, "जरा बसता का?"

मी तिथंच स्वयंपाकघरातल्या पाटावर बसले. त्या स्टुलावर बसल्या. शबनमचा पट्टा बोटाला गुंडाळत होत्या, सोडत होत्या.

"मला केक करता येत नाही," त्या म्हणाल्या.

मला वाटलं, आता वयामुळं हात चालत नाहीत, असं काहीतरी म्हणतायत. "मी मदत करीन ना. फेसायचं काम माझ्याकडे द्या."

"तसं नाही. मी कधीच केलेला नाही. एकही नाही. मला तुमचा हा ओव्हन लावतासुद्धा येणार नाही."

बाहेर रस्त्यावरून भंगारवाला ओरडत गेला.

"मग पुस्तक?"

"पुस्तक मी लिहिलं." त्यांनी चष्मा काढून पदरानं पुसला. "मी एका छापखान्यात मुद्रितं तपासायला होते. दिवसभर दुसऱ्यांच्या चुका शोधायच्या. मालकांना केकचं पुस्तक काढायचं होतं. ज्या बाई लिहिणार होत्या त्या चार कृती देऊन परदेशी मुलाकडे निघून गेल्या. कागद घेतलेला, मुखपृष्ठ छापलेलं. मालक म्हणाले, आजरेकर, तुम्ही पुरं करा, नावही तुमचंच घाला. मी एकटी बाई. भावाच्या घरी राहायची. वहिनीच्या स्वयंपाकघरात चहा करायचा तरी विचारावं लागायचं. ओव्हन कुठला? मी ग्रंथालयातून जुनी मासिकं आणायची, बेकरीत जाऊन उभी राहायची, घरी केक करणाऱ्या एका परिचारिकेला विचारायची, एका शेजारणीला विचारायची. एका ठिकाणी तीन अंडी, दुसऱ्या ठिकाणी चार असली की मला झोप लागायची नाही. कुणाचं तरी लोणी, कुणाची तरी साखर वाया जाईल, याची भयंकर भीती वाटायची. म्हणून पुन्हा पुन्हा ताडून बघितलं. पण हातानं केलं नाही काही."

मला राग आला. खोटं कशाला सांगू, असा राग आला की त्यांच्याकडे बघवेना. इतकी वर्षं मी त्या पुस्तकाला हात लावायच्या आधी हात धूत होते. कुणी माझ्या केकला चांगलं म्हटलं की 'आजरेकरबाईंचा आहे' म्हणून सांगत होते. मी उठले आणि उगाचच नळ सोडला, बंद केला.

"एक विचारू?" मी पाठमोरीच म्हणाले. "केक मधोमध बसला तर घाबरू नका, तुमच्या हातून काही वाईट झालेलं नाही, असं आहे पुस्तकात. ते कुठल्या मासिकातलं?"

"ते?" त्यांनी चष्मा पुन्हा डोळ्यांना लावला. "ते कुठलं नाही. ते माझं आहे. मालक म्हणाले, हे कशाला, केकच्या पुस्तकात असं लिहितात का, काढून टाका. मी प्रूफात काढलं नाही. तेवढी एकच अफरातफर केली मी छापखान्यात."

"का नाही काढलं?"

"एकटी कुणीतरी करत असेल, आणि बिघडलं तर समोर कुणी नसेल, असं वाटलं."

मी ओट्याला टेकून उभी राहिले. मग मी माझं सांगितलं. रिक्षात सांगायचं राहिलं होतं ते सगळं. पलंग, डॉक्टर, मनातल्या मनात फेसलेलं लोणी. सांगता सांगता माझ्याच लक्षात आलं, की मीही ते पुस्तक ओव्हन नसताना वाचलं होतं आणि बाईंनीही ते ओव्हन नसतानाच लिहिलं होतं. ते मी बोलून दाखवलं नाही. त्या ऐकत होत्या. त्यांनी एकदाच माझ्या मनगटाला हात लावला आणि काढून घेतला.

"पुण्याच्या गाडीचं काय?" त्या म्हणाल्या.

"गाडीनं नका जाऊ. स्टेजवर तुम्ही बोला, हात माझे चालतील. वयामुळं तुमचे हात थरथरतात म्हणून सांगू."

"म्हणजे पुन्हा खोटंच."

"मग काय करता? पळून जाता?"

माझा आवाज जरा चढलाच. त्या स्टुलावरून उठल्या आणि म्हणाल्या, "चला."

हॉल खरंच भरला होता. मागच्या बायका भिंतीला टेकून उभ्या होत्या. स्टेजवर पांढरी चादर घातलेलं टेबल, त्यावर ओव्हन, आणि खाली माझं सामान. कमलताईंनी ओळख करून दिली. 'ज्यांच्या हातच्या चवीनं महाराष्ट्रातली घरं गोड झाली', असं काहीतरी त्या म्हणाल्या, तेव्हा बाईंनी टेबलाची कड घट्ट धरली.

पण बोलायला लागल्या आणि मी थक्क झाले. पुस्तकातली वाक्यं जशीच्या तशी, पण सांगण्याच्या सुरात. त्या म्हणायच्या 'लोणी मऊ हवं, वितळलेलं नको', आणि माझा हात लोण्यात असायचा. बायका टिपून घेत होत्या. मी मनात मिनिटं मोजत होते. मिश्रण तयार झालं, मी डबा भरला. आता ओव्हनमध्ये ठेवलं की निम्मं काम झालं. तेवढ्यात पंखे थांबले. दिवे गेले. ओव्हनचा लाल दिवाही विझला.

हॉलमध्ये कुजबुज झाली. खिडक्यांना काळे पडदे होते, सगळा अंधुक उजेड. वीज त्या काळात गेली की कधी येईल, ते कुणी सांगू शकत नसे. ओव्हन पुरता तापलाही नव्हता. माझ्या हातात भरलेला डबा. सोडा पडलेलं मिश्रण असं ठेवून चालत नाही, बसतं. एवढ्या बायकांसमोर दगड निघणार होता.

पुढच्या रांगेतून एक तरुण बाई उभी राहिली. कडेवर मूल होतं. "बाई, असं झालं तर काय करायचं? आमच्याकडे रोजच जाते. तुमच्या घरी कधी झालं असेल ना? तेव्हा तुम्ही काय केलंत?"

साधा प्रश्न होता. तिला खरंच हवं होतं उत्तर. मी बाईंकडे बघितलं. काहीही सांगा, मी मनात म्हणत होते, काहीही सांगून वेळ मारून न्या.

बाईंनी टेबलाची कड सोडली.

"माझ्या घरी असं कधी झालं नाही," त्या म्हणाल्या. माइक बंद होता, पण त्यांचा आवाज पोचत होता. "कारण माझ्या घरी ओव्हनच नव्हता. मी कधी केक केलेला नाही. दुसऱ्यांना विचारून, ताडून बघून पुस्तक लिहिलं. तुम्ही विचारताय ते मला माहीत नाही."

दोघी-तिघी हसल्या. त्यांना गंमत वाटली. मग हसू आपोआप थांबलं. कमलताई खुर्चीवर बसल्या होत्या त्या उठल्या, पुन्हा बसल्या. मागून कुणीतरी म्हणालं, "म्हणजे फसवणूकच की." दारापाशी चपलांचा आवाज झाला, काही बायका निघाल्या. कडेवर मूल घेतलेली मात्र उभीच होती.

"पण मी केलेत तुमच्या पुस्तकातले," ती गोंधळून म्हणाली. "चांगले झाले होते."

"झाले ना?" बाईंनी विचारलं. इतक्या काळजीनं विचारलं, की ती पोर नुसती मान हलवत राहिली.

मला एकदम हातातला डबा जड वाटायला लागला. मी म्हटलं, "बाई, हे मिश्रण थांबणार नाही. मागं चहाचा स्टोव्ह पेटलाय. चला."

पुढं काय झालं त्याचा क्रम मला नीट आठवत नाही. हॉलच्या मागच्या व्हरांड्यात चहावाल्याचा स्टोव्ह होता. शेजारी दुरुस्तीसाठी वाळूचा ढीग पडला होता. मी चहाचं मोठं जाड बुडाचं पातेलं मागून घेतलं, चहावाला नको नको म्हणत असताना त्यात ओंजळी-ओंजळीनं वाळू घातली, तापवली, डबा आत ठेवला, वर झाकण घातलं. पदर काळा झाला. वाळू पुरेशी तापली होती की नाही, याची मला खात्री नव्हती. इतक्या वर्षांत पुन्हा असं केलं नव्हतं.

बाई स्टोव्हसमोर सोड्याच्या बाटल्यांचं रिकामं खोकं पालथं घालून बसल्या. मागोमाग काही बायका आल्या, ती मूलवाली आली. काही तोंडं वाकडी करून, काही नुसत्या बघायला. कमलताई दारात उभ्या राहिल्या. त्या पुढं कितीतरी दिवस माझ्याशी जेवढ्यास तेवढं बोलत होत्या. माझ्यामुळं मंडळाची शोभा झाली असं त्यांचं म्हणणं होतं, आणि ते अगदीच चूक होतं असं मी म्हणणार नाही.

"उघडून बघू?" थोड्या वेळानं बाईंनी मला हळूच विचारलं.

"नाही. अजून नाही."

"मधे उघडू नये, असं लिहिलंय मी," त्या म्हणाल्या. "पण इतकं अवघड असतं, ते ठाऊक नव्हतं."

झाकणाच्या कडेनं वास यायला लागला, तेव्हा त्यांनी मान वर केली. माझ्याकडे बघितलं नाही. पातेल्याकडेच बघत राहिल्या. आजूबाजूच्या बायकाही जवळ सरकल्या होत्या. वीज अजून आली नव्हती आणि कुणाला तिची आठवणही नव्हती. माझा जीव मात्र टांगणीला लागला होता. कच्चा निघाला तर? खालून करपला तर? या बाईच्या डोळ्यांदेखत होणारा हा पहिला केक होता.

मी पदर दुमडून झाकण उचललं. वाफ बाजूला झाली. केक वर आला होता. एका बाजूला थोडा कललेला, मधे बारीक भेग, पण वर आलेला. मी सुरीचं टोक खुपसून बघितलं, कोरडं निघालं. डबा चिमट्यानं उचलून बाईंसमोर दुसऱ्या खोक्यावर ठेवला आणि मी भिंतीला टेकले.

"आता?" त्यांनी विचारलं.

"बोटानं दाबून बघा. हलकं."

त्यांनी चष्मा सारखा केला. तर्जनी पुढं केली, मागं घेतली, मग अगदी मधोमध टेकवून दाबली. बोट उचललं तसा खळगा हळूहळू भरत वर आला.

"परत वर येतो," त्या म्हणाल्या.

"हो."

त्यांनी पुन्हा बोट टेकवलं.